खाली अजून काही आहे का?

कुठलाही कागद हातात आला की बाई तो लगेच वाचत नसत. आधी त्याच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवत, मग उलटा करून मागची बाजू बघत, आणि त्यानंतरच चष्मा लावून पहिली ओळ वाचायला घेत. कम्प्युटरच्या पडद्यावर अंगठा फिरवून काही कळत नाही, म्हणून तिथे त्या उजव्या कडेवर बोट ठेवत. वरखाली सरकणारी करडी उभी पट्टी जिथे असते, तिथे. आणि शेजारी बसलेल्याला विचारत, "खाली अजून काही हाय का, बघितलं का?"

हा प्रश्न फक्त पडद्यापुरता होता असं नाही. आम्ही डबे उघडले की भाकरी उचलून खाली काय आहे ते त्या बघत. एखादी मुलगी "उद्यापासून मला जमायचं न्हाई" म्हणाली, तर तिच्याकडेही थोडा वेळ तशाच बघत राहत आणि हळूच म्हणत, "बरं. खाली अजून काही हाय का?" बहुतेक वेळा असायचं. घरी पाहुणे बघायला येणार असायचे, नाहीतर भाऊ काहीतरी बोललेला असायचा.

असं विचारणारं माणूस तुमच्याही पाहण्यात कधी आलं असेल. नसेल आलं, तर मला त्या बाई नीट उभ्या करता येतील की नाही, शंका आहे. तरी प्रयत्न करते.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांची गल्ली आहे. त्यातल्या एका दुकानाच्या वर बाईंचा क्लास होता. जिना मागच्या बोळातून. पाटीवर अगदी खाली बारीक अक्षरात "जिना मागे आहे" असं लिहिलेलं, पण ते कुणी वाचत नसे, आणि नवीन येणारा प्रत्येक जण आधी कापडाच्या दुकानात शिरून शेठला क्लासची फी विचारत असे. शेठ त्याला आधी पाणी द्यायचे, मग जिना दाखवायचे.

वर एका भिंतीला टाइपरायटर आणि समोरच्या भिंतीला कम्प्युटर. बाईंनी अर्धं आयुष्य टायपिंग शिकवलं होतं. कम्प्युटर आले तेव्हा त्यांनी मशीनं काढून टाकली नाहीत, फक्त दुसऱ्या भिंतीला सरकवली. त्यामुळे आम्ही माउस धरायला शिकत असताना पाठीमागे मशीनं खडखडत असत आणि मधूनच टिंग वाजत असे.

त्या टिंगबद्दल बाई फार मनापासून बोलत. ओळ संपत आली की टाइपरायटर घंटी वाजवून सांगतो. पण पान संपत आलं की तो काही सांगत नाही. शिकाऊ पोरी टाइप करत राहायच्या आणि कागद रुळातून सुटून यायचा. शेवटच्या ओळी कागदाऐवजी रुळावर उमटायच्या. म्हणून प्रत्येक नव्या मुलीला बाई पहिल्याच दिवशी कागदाच्या डाव्या कडेला, खालून दोन बोटं सोडून, पेन्सिलने बारीक खूण करायला लावत. "ओळीची खबर मशीन देते," त्या म्हणत, "पानाची खबर कोणी द्यायची?"

मी तीर्थपुरीची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. बारावी झाल्यावर मी जालन्याला मावशीकडे राहायला आले, कारण तिथल्या कॉलेजात कम्प्युटरचा वर्ग होता. त्याला जागा थोड्या होत्या आणि निवडीची परीक्षा पडद्यावर होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटीत बसवताना सांगितलं होतं, "नंबर लागला तर ऱ्हा. न्हाई लागला तर घरी राहून बाहेरून बी.ए. कर. दोन्हीकडं खर्चा न्हाई जमायचा." ते रागाने बोलले नव्हते. त्यामुळे जास्त पक्कं वाटलं.

त्या परीक्षेची पडद्यावरची पानं तयार करायचं काम कॉलेजने बाईंना दिलं होतं. बाई आम्हाला सरावासाठी जी पानं करून द्यायच्या ती कुणीतरी तिथे दाखवली होती. प्रश्न कॉलेजचे, ते बंद लिफाफ्यात तिथेच राहणार होते. ते ज्या पेटीत दिसणार, ती पेटी बाईंची. पेटी म्हणजे पडद्यावरचा चौकोन. वर प्रश्न, खाली अ, ब, क, ड असे पर्याय. एक निवडायचा की पुढचा प्रश्न.

सरावात मला कधी बरे गुण मिळालेच नाहीत. पुस्तकातून विचारलं तर मला सगळं यायचं. पडद्यासमोर बसले की घसरायचे. शेजारची मुलं पण तशीच. क्लासमध्ये हिशेब आणि फीचं बघणारे एक काका होते, ते म्हणायचे, "खेड्यातली पोरं, बाई. पडदा बघितला की घाबरतात." मलाही तेच खरं वाटू लागलं होतं. मावशीला मी अजून काही सांगितलं नव्हतं, पण मनातल्या मनात मी पिशवी भरायला घेतली होती.

एके दिवशी दुपारी बाईंनी सगळ्यांच्या उत्तरांचे कागद छापून टेबलावर पसरले. एकेका प्रश्नावर बोट ठेवून त्या सगळे कागद ताडत गेल्या. मग म्हणाल्या, "काका, घाबरलेली पोरं कुठंबी चुकतात. ही सगळी एकाच जागी चुकून राह्यली. हे बघा. ह्या प्रश्नांत 'ड' कुणीच निवडला न्हाई."

काका म्हणाले, "मंग ड येत नसंल त्यांना."

बाई हसल्या, पण उठल्या आणि मला भिंतीकडच्या जुन्या कम्प्युटरसमोर बसवलं. "मोठ्यानं वाच गं."

मी प्रश्न वाचला. लांबलचक होता. मग अ वाचला, ब वाचला, क वाचला, आणि थांबले.

"पुढं?"

"एवढेच हायेत, बाई."

"ड?"

"ड न्हाई याला."

बाईंनी पडद्याच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. "ही पट्टी काय हाय?"

"चौकट हाय ना? पेटीची?"

मला खरंच तसं वाटायचं. काही प्रश्नांना चार पर्याय, काहींना तीन. पेपर काढणाऱ्याची मर्जी. पेटी क संपतो तिथे इतकी सफाईने कापलेली होती की खाली अर्धं अक्षरसुद्धा डोकावत नव्हतं. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवून ती पट्टी खाली ओढली. मजकूर वर सरकला आणि खालून ड आला. बरोबर उत्तर तेच होतं.

मला रडू आलं. बाई मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या धावत आपल्या कम्प्युटरकडे गेल्या, तोच प्रश्न तिथे उघडला आणि म्हणाल्या, "माझ्याकडं तर चारीबी दिसतात!" त्यांचा पडदा मोठा होता, अक्षरं बारीक बसत. आमचे पडदे लहान, अक्षरं मोठी, आणि प्रश्न लांबला की ड पेटीच्या बुडाशी जाऊन बसायचा. बाई खुर्चीत टेकल्या. "पान संपलं न्हाई, आणि पोरगी उठून चाल्ली होती," एवढंच म्हणाल्या. मी पिशवी भरायला घेतली होती हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, पट्टी ओढायला शिकवलं की झालं. आम्हाला शिकवलं. पण परीक्षेला मंठ्याहून, घनसावंगीहून, कुठून कुठून मुलं येणार होती, आणि त्यातल्या कितीतरी जणांचा माउसला पहिल्यांदाच हात लागणार होता. त्यांना कोण सांगणार?

बाईंनी आधी पेटीखाली एक मोठा बाण काढला, टोक खाली. एका मुलीने तो बघितला आणि मान खाली घालून कीबोर्डवर काय आहे ते शोधू लागली. बाण गेला. मग बाईंनी प्रत्येक पेटीखाली लाल अक्षरात लिहिलं, "खाली अजून आहे". हे चांगलं वाटलं. दुसऱ्या दिवशी मंठ्याचा एक उंच, अबोल मुलगा सरावाला बसला. वेळ संपली तरी तो पहिल्याच सोप्या प्रश्नावर अडकून होता. चारही पर्याय समोर दिसत होते.

"अरे, काय करून राह्यला?" बाईंनी विचारलं.

"पाचवा हुडकून राह्यलो, बाई."

"पाचवा कुठला?"

"तुम्हीच लिव्हलंय ना, खाली अजून हाय म्हणून. म्या लई ओढलं. येईच ना."

आम्ही पोरी हसलो. बाई हसल्या नाहीत. "हसू नका गं," त्या म्हणाल्या. "त्यानं माझ्या लिहिण्यावर भरवसा ठेवला. असून न सांगणं वाईटच. पण नसताना हाय म्हणणं त्याच्याहून वाईट. ह्याचा तर सगळा वेळ गेला."

म्हणजे आता असं पाहिजे होतं की जिथे पट्टी आली असेल तिथेच ते लाल शब्द दिसावेत, आणि जिथे सगळं मावलं असेल तिथे दिसू नयेत. आणि पट्टी आली की नाही हे आधी सांगता येत नव्हतं. तोच प्रश्न एका पडद्यावर मावायचा, दुसऱ्यावर नाही. काका म्हणाले, ओळी मोजून ठेवा. बाई म्हणाल्या, "कोणाच्या पडद्यावरच्या?"

बाईंकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. शब्दकोश शेजारी ठेवून त्या ते वाचत. जवळच्या इंटरनेट कॅफेतही जाऊन बसत. एक दिवस आल्या त्या जिन्यावरूनच माझं नाव घेत. "चल खाली, तुला दाखवते."

आम्ही शेठच्या दुकानात गेलो. शेठ गादीवर बसले होते.

"शेठ, एक तागा काढा. कोणताबी."

"बाई, आज घेणार का नुसतंच मोजणार?"

"आज मोजणार. घ्यायचं दिवाळीला."

"कोणत्या दिवाळीला ते बी सांगून ठेवा," असं म्हणत शेठनी पट्टेदार कापडाचा तागा काढला आणि सवयीने हाताभराचं कापड गादीवर पसरलं. बाकीचा तागा गुंडाळलेलाच.

बाई मला म्हणाल्या, "तू गिऱ्हाईक. तुला किती कापड दिसतं?"

"हाताभर."

"आणि ताग्यात किती हाय?"

"ते शेठला ठाऊक."

"बराबर! आपण पट्टीकडं बघत बसलो गं. पट्टीला काय विचारायचं? पेटीला विचारायचं. पेटीला दोन्ही ठाऊक असतं." मग त्यांनी दोन शब्द सांगितले, जे त्या पुस्तकातून पाठ करून आल्या होत्या. स्क्रोलहाइट: पेटीत जे भरलंय त्याची सगळी उंची. क्लायंटहाइट: त्यातली दिसते तेवढी उंची. "क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला दिसतं ते क्लायंटहाइट. सगळा तागा म्हणजे स्क्रोलहाइट. तागा मोठा निघाला तर खाली अजून हाय. दोन्ही सारखे, तर संपलं. झालं!"

शेठ म्हणाले, "मंग कापड गुंडाळू का?"

वर येऊन बाईंनी ते लिहिलं. एवढीशी ओळ होती: हे त्याच्यापेक्षा मोठं असेल तर ते लाल शब्द दाखव. त्यांनी जुन्या कम्प्युटरवर लांब प्रश्न उघडला, शब्द दिसले. छोटा प्रश्न उघडला. शब्द दिसले नाहीत. आपल्या मोठ्या पडद्यावर तोच लांब प्रश्न उघडला. तिथेही शब्द नव्हते, आणि तिथे चारही पर्याय होते. कुणी मोजलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. त्या त्या पडद्यावर, त्या त्या क्षणी, पेटीने स्वतःकडे बघून सांगितलं होतं. एवढ्याशा गोष्टीने माझ्या अंगावर काटा आला, हे सांगायला आजही संकोच वाटतो. पण आला होता. मी त्या पडद्याकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे मला करायचंय.

एक खोट राहिली होती. ज्या प्रश्नात चित्र असे, तिथे पेटी कधी कधी "सगळं मावलं" म्हणायची आणि ड खाली दडलेलाच. बाईंनी त्यावर पूर्ण एक संध्याकाळ घालवली. मग त्यांना दिसलं की मजकूर आधी येतो आणि चित्र मागून. पेटीला विचारलं तेव्हा चित्र आलेलंच नसे. रिकाम्या जागी सगळं मावत होतं. चित्र आलं की ते ड ला खाली ढकलायचं, पण तोवर विचारून झालेलं असे.

"आपण जल्दी केली," बाई म्हणाल्या. "तिचं भरून व्हायच्या आधीच विचारलं. आधी भरू द्यायचं, मंग विचारायचं." आणि विचारण्याची ती ओळ त्यांनी सगळं येऊन झाल्यावरच चालेल अशी करून ठेवली.

तेव्हा मला एक आठवलं. मी नवीन असताना बाई रोज विचारायच्या, "कसं काय?" आणि मी रोज म्हणायचे, "बरंय." त्या मान हलवून कामाला लागायच्या. मग चहा यायचा, तो पिऊन व्हायचा, आणि कप ठेवता ठेवता त्या तेच पुन्हा विचारायच्या. दुसऱ्या वेळी मी कधीच "बरंय" म्हटलं नव्हतं.

परीक्षेआधी कॉलेजचे विभागप्रमुख पानं बघायला आले. सज्जन होते, पण घाईत होते. ते लाल शब्द बघून म्हणाले, "हे काढून टाका, मॅडम. कम्प्युटरच्या वर्गाला यायचं आणि एवढंही कळू नये?"

बाई म्हणाल्या, "सर, कम्प्युटर येत न्हाई म्हणूनच तर ते शिकायला येऊन राह्यले."

सरांनी माउस धरून एक लांब आणि एक छोटा प्रश्न उघडून बघितला. मग म्हणाले, "हे शब्द आपोआप येतात? ज्याला लागतील त्यालाच?"

"ज्याला लागतील त्यालाच."

"मग राहू द्या," सर म्हणाले, आणि जाताना जिन्यावर थांबून पुन्हा एकदा, "छान आहे हो."

परीक्षा कॉलेजातल्या कम्प्युटरवर होती; ते बाईंनी कधी चालवलेले नव्हते, आणि परीक्षेच्या दिवशी त्यांना आत येऊ देणार नव्हते. त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. मला त्यांनी काही सांगितलं नाही, फक्त खांद्यावर दोन बोटं टेकवली. मी आत जाऊन बसले. बरेच प्रश्न नीट गेले. मग एक चित्राचा आला. चित्राच्या जागी इवलासा रिकामा चौकोन. खाली अ, ब, क, ड. चारही. मी क वर जाणार होते, आणि मला बाईंचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. भरू दे. मी माउसवरून हात काढला. चित्र वरून खाली, फटीफटीने उतरत आलं. ड खाली गेला. आणि पेटीच्या पायाशी, शांतपणे, ते तीन लाल शब्द उमटले. चित्र बघितल्यावर क चूक होता हे कळलं. मी पट्टी ओढली.

शेजारच्या रांगेत मंठ्याचा तो उंच मुलगा होता. तो पण पट्टी ओढत होता. मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि चार बोटं दाखवली. पाचवं दुमडून ठेवलं होतं.

आमचा दोघांचाही नंबर लागला.

आबा भेटायला आले तेव्हा मोसंब्यांची पिशवी घेऊन थेट बाईंकडे गेले. अर्थात आधी शेठच्या दुकानात शिरून पाणी पिऊन. बाईंनी पिशवी घेतली, तळाशी हात घातला आणि म्हणाल्या, "दादा, खाली अजून काही हाय का?" आबा लाजले, मग हसत म्हणाले, "जवसाची चटणी हाय. हिच्या आईनं दिल्ती. सांगायला इसरलो." आबा इतके मोकळे हसलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. दोन्हीकडच्या खर्चाचं ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, नंतरही नाही.

पुढे शिक्षण झालं. तोंडी परीक्षेत क्लायंटहाइटबद्दल विचारलं तेव्हा मी "गिऱ्हाइकाला दिसते तेवढी उंची" असं सांगितलं आणि बाहेरून आलेले परीक्षक पोट धरून हसले. गुण मात्र पूर्ण दिले. आता मी पानं तयार करायचंच काम करते. कुठलीही पेटी केली की सगळं भरून झाल्यावर तिला तेच विचारते.

बाईंचे डोळे गेले ते हळूहळू. काचबिंदू होता. मधलं दिसायचं, कडा गेल्या होत्या. क्लास बंद करून त्या मंठ्याला भाच्याकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी पावलांच्या आवाजावरून मला ओळखलं. भाच्याच्या बायकोने चहा दिला. तो पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "पेपर वाचून दाखव गं. हा भाचा नुसत्या हेडिंगा वाचतो."

मी वाचू लागले. कुठल्याशा गावच्या पाण्याची बातमी होती, मोठी, शेवटच्या पानावरची. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाचता वाचता बातमी संपली. पान संपलं. त्या तशाच बसून होत्या, कान माझ्याकडे करून. मला निघायचं होतं, आणि मला वाटलं काहीतरी अजून वाचावं, काहीही, मागचंच पुन्हा, म्हणजे त्यांना थोडं अजून मिळेल.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्याचा शेठचा फोन आला. पण बाईंची आठवण झाली की मला ती ओसरीच दिसते, आणि त्या दिवशी मी वाचायची थांबले तेव्हाचा त्यांचा हात, कागदाची कड हवेत चाचपणारा.

"खाली अजून काही हाय का?"

मी पानाच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. उलटून मागची बाजू बघितली. मंठ्याचा तो मुलगा आठवला, पाचवा हुडकत बसलेला.

"न्हाई, बाई," मी म्हणाले. "इथं संपलं."

"नीट बघितलं?"

"नीट बघितलं."

"मंग बराबर," बाई म्हणाल्या, आणि निवांत भिंतीला टेकल्या.